सुप्याच्या बाजारात जळलेली खते : १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा प्रकरण अभ्यास

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावचा बाजाराचा दिवस. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामतीत आहे. आसपासच्या गावांतून बाजाराला आलेले कुणबी त्या दिवशी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांत आणि घरांत शिरले. त्यांनी कर्जखते, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या मागितल्या, हाती लागल्या तेवढ्या बाहेर आणल्या आणि पेटवून दिल्या. पुढच्या काही दिवसांत पुणे आणि अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या गावोगावी हेच घडले. ज्या सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही.

दंगलीत माणसे लुटतात तेव्हा दागिना, धान्य, रोकड यांवर पहिली झडप पडते. येथे पहिली झडप कागदावर पडली. या प्रकरणाचा सगळा उलगडा त्या कागदात आहे. तो कागद कशाच्या जोरावर चालत होता, कुणब्याला नवे हक्क मिळाले तरी त्याला तो का पेलला नाही आणि कागद जळल्यावर सरकारने, पुढाऱ्यांनी व सावकारांनी काय केले, हे ओळीने पाहिले की जमीन, कर्ज आणि सहकार या तिन्ही बाबतींत पुढच्या पाऊणशे वर्षांचा हिंदुस्थान कसा घडला तेही दिसते.

जमीन विकण्याचा हक्क

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दख्खनच्या गावांत जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची होती. ती विकता येई, पण त्यासाठी गावाची आणि भाऊबंदांची संमती लागे, आणि मिरास विकणे ही अब्रूची गोष्ट होती. उपरी हा मुदतीने कसणारा, त्याला विकण्याजोगे काही नव्हतेच. सावकार तेव्हाही होता आणि व्याजही जबर होते. पण थकलेल्या कर्जापायी कुळाला, म्हणजे कर्जदार शेतकऱ्याला, जमिनीवरून उठवायला त्याच्यामागे सरकारी यंत्रणा उभी राहत नसे. त्याची हत्यारे म्हणजे तगादा, दारात धरणे आणि पंचायत. गावात राहून, गावाच्या नजरेसमोर वसुली करायची असल्याने त्याला तडजोडीवर यावेच लागे. व्याज मुदलाच्या वर जाऊ द्यायचे नाही, ही दामदुप्पटीची मर्यादा शास्त्राने आणि रिवाजाने मानलेली होती.

इंग्रजांनी रयतवारी आणली, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेऊ लागले. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली पाहणी फसली. आकारणी इतकी चढी झाली की इंदापूरकडे लोकांनी शेते टाकून दिली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ पासून इंदापूरपासूनच नवी मोजणी सुरू केली. ही पद्धत कारागिराच्या हातची होती. शेताची माती किती हात खोल आहे आणि कोणत्या जातीची आहे यावरून नऊ प्रती ठरवल्या. पावणेदोन हात खोल चांगली काळी जमीन म्हणजे सोळा आणे, आणि तेथून पाव हात खोलीच्या मुरमाड जमिनीपर्यंत आणे उतरत जायचे. चुनखडी, वाळू, उतार, पाणथळ असा एकेक दोष निघाला की प्रत एकेकाने खाली. सारा तीस वर्षांसाठी कायम झाला. जमीन खातेदाराच्या नावे लागली, आणि ती वारसांना देण्याचा, गहाण टाकण्याचा आणि विकण्याचा हक्क मिरासदार-उपरी हा भेद न ठेवता त्याला मिळाला.

हा हक्क खरा होता, त्याला कमी लेखू नये. तीस वर्षे सारा वाढणार नाही या खात्रीवर माणसे पडीक रान उठवू लागली, विहिरी खणू लागली. पण विकता येणारी जमीन म्हणजे तारण ठेवता येणारी जमीन, आणि म्हणून लिलावात काढता येणारीही जमीन. हक्काची ही दुसरी बाजू दिवाणी कोर्टांमुळे धारदार झाली. १८५५ च्या कायद्याने व्याजाच्या दरावरील बंधने उठली. कराराच्या स्वातंत्र्याचे तत्त्व मानणाऱ्या कोर्टापुढे खतात लिहिलेला दर म्हणजे दोन स्वतंत्र माणसांनी राजीखुशीने केलेला ठराव ठरला. १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रियेचा कायदा आला आणि त्याच वर्षी मुदतीचाही कायदा आला. साध्या कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर ते खत बाद. हेतू कुळाला जुन्या, कुजलेल्या दाव्यांपासून वाचवण्याचा होता. परिणाम नेमका उलटा झाला.

खताचे गणित

तो उलटा परिणाम कसा झाला हे आकड्यांत मांडल्याशिवाय कळत नाही. हिशेबासाठी एक नमुन्याचे खत घेऊ. कुळाने शंभर रुपयांचे खत लिहून दिले. सावकाराने पाच रुपये मनोती, म्हणजे कर्ज देण्याबद्दलची आपली कापणी, आधीच कापून घेतली, हातावर पडले पंचाण्णव. व्याज दरमहा शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कोरडवाहू कुणब्यासाठी हा दर त्या काळी मुळीच जगावेगळा नव्हता.

तीन वर्षांचे व्याज ७२ रुपये. येणे झाले १७२. मुदत संपत आली की सावकारापुढे दोनच वाटा उरतात, दावा लावणे किंवा खत बदलून घेणे. तो म्हणतो, खत बदल नाहीतर कोर्टात जातो. कुळ १७२ रुपयांचे नवे खत लिहून देते. आता व्याज मुदल होऊन बसले. आणखी तीन वर्षांनी येणे २९५ रुपये १३ आणे, त्याच्यापुढच्या तीन वर्षांनी ५०८ रुपये १३ आणे. नऊ वर्षांत पंचाण्णवाचे पाचशे आठ झाले, आणि कागदावर दर मात्र तोच साधा, शेकडा दोन. खत एकदाही बदलले नसते तर सरळ व्याजाने ३१६ झाले असते. दामदुप्पट पाळली असती तर दोनशेवर हिशेब थांबला असता.

या नऊ वर्षांत कुळाने काहीच दिले नाही असे थोडेच आहे? सुगीला सावकाराची गाडी खळ्यावर येऊन ज्वारी-बाजरी भरून नेत असे. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने अहमदनगरच्या कलेक्टरकडे केलेल्या अर्जात हीच तक्रार आहे. माल खात्यात जमा करू असे सावकार नेताना सांगतो, वहीत मात्र त्याची नोंद करत नाही, पावतीही देत नाही. कापड आणि धान्य उधारीवर घ्यावे तर रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जादा भाव लागतो, हेही त्या अर्जात आहे.

खताच्या तळाशी कुणबी सहीऐवजी नांगराचे चित्र काढी, ‘निशाणी नांगर’. वर लिहिलेला मजकूर मोडीत, लिहिणारा सावकाराच्या बैठकीतला, साक्षीदारही त्याच्याच ओळखीचे. त्या मजकुरात शंभर आहेत की दीडशे, व्याज किती, मुदत किती, हे नांगर काढणाऱ्याला वाचता येत नव्हते. कोर्ट मात्र तेवढाच मजकूर वाचत असे. आधीची खते, खळ्यावरून गेलेले धान्य, कापलेली मनोती यांपैकी काहीच कोर्टापुढे येत नसे. समन्स तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाहून निघे, कुळ हजर राहत नसे, कधी त्याला ते समन्स पोहोचतच नसे. मग एकतर्फी हुकूमनामा, जप्ती, लिलाव आणि वेळ पडली तर दिवाणी तुरुंग.

सरकारने मातीची खोली पाव हातापर्यंत मोजली, पण त्या मातीवर चढणाऱ्या कर्जाची मोजदाद कोणाकडेच नव्हती. विंगेट यांना स्वतःला हे दिसले होते. सावकार आणि कुणबी यांच्यातली ही ओढाताण दोघांनाही नीच पातळीवर आणत आहे, अशा अर्थाचे त्यांनी १८५२ मध्येच लिहून ठेवले आहे.

तेजी, मंदी आणि वाढलेला सारा

खतांचा हा चरक बरीच वर्षे फिरत होता. मग १८७५ मध्येच भडका का उडाला?

१८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला अतोनात भाव आला. मुंबईत पैसा ओतला गेला आणि तेथून सावकारांच्या साखळीने तो गावापर्यंत आला. भीमथडी, इंदापूर, शिरूर हे काही कापसाचे मुलूख नव्हते. पण धान्याचे भाव चढले, गाडीभाडे चढले आणि रेल्वेच्या कामावर रोख मजुरी मिळू लागली. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, सोलापूरच्या बाजूने रूळ पडले होते. कुणब्याची पत वाढली, म्हणजे त्याला अधिक कर्ज मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. तेजीत दिलेला पैसा सावकारांनी मागे ओढायला सुरुवात केली, नवे कर्ज बंद केले आणि जुन्या खतांवर दावे लावले.

नेमक्या याच वेळी तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांत नवी आकारणी आली. पहिला मान पुन्हा इंदापूरचा, १८६७ च्या सुमारास, आणि मागोमाग आसपासचे तालुके. तेजीच्या वर्षांतले भाव धरून सारा वाढवला गेला. अनेक गावांत वाढ पन्नास ते शंभर टक्के होती. जेमतेम वीस इंच पाऊस पडणाऱ्या अवर्षणाच्या पट्ट्यात हा बोजा पडला. सारा रोखीने आणि हप्त्याने भरायचा, हप्त्याची तारीख पिकाच्या तारखेशी जुळेलच असे नाही, म्हणून सारा भरायलासुद्धा सावकाराचाच उंबरठा. आणि सावकार आता कर्ज देत नव्हता.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने हे दुखणे आधीच ओळखले होते. १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सभेने रयतेच्या स्थितीची चौकशी करून १८७३ मध्ये अहवाल काढला आणि वाढीव साऱ्यावर बोट ठेवले. सरकारने १८७४ मध्ये वाढीला मर्यादा घातली. तालुक्याच्या गटावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खात्यावर १०० टक्के, याहून वर जायचे नाही. मर्यादा योग्य होती, पण तोवर उशीर झाला होता.

कर्डे ते सुपे

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातले कर्डे गाव. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर लिलावात घेऊन पाडायला काढले. देशमुख हे गावातले वजनदार घराणे. गावाने समजूत घातली, सावकार ऐकेना. मग गावाने त्याला वाळीत टाकले. न्हावी हजामत करेना, पाणी भरणारा पाणी भरेना, सावकारांच्या जमिनी कोणी कसायला घेईना, दुकानात कोणी फिरकेना. सावकार तालुक्याच्या गावी निघाला तर सामान न्यायला गाडीवान मिळेना. बलुतेदारांनी सेवा थांबवली, आणि थांबवणार नाहीत त्यांच्यावरही बहिष्कार ठरला. हे लोण पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. काही गावांनी तर तसे लेखी करारच केले.

पुढे जे झाले ते समजायला हा बहिष्कार नीट पाहिला पाहिजे. गावाच्या हातात असलेले जुने हत्यार, म्हणजे सावकाराला गावातच राहायचे आहे हे, गावाने पुन्हा उपसून पाहिले. ते चालले नाही, कारण सावकाराला आता गावाची गरज पूर्वीइतकी उरली नव्हती. हुकूमनामा तालुक्याला मिळत होता, तो बजावायला बेलिफ येत होता आणि मागे पोलीस होते. शेत पडीक राहिले तरी खत जिवंत राहत होते. म्हणून पाच महिन्यांनी लोकांचा मोर्चा खताकडेच वळला.

त्यातच एक अफवा पसरली होती. कोणा साहेबाने विलायतेला कळवले आहे आणि सावकारांनी खते परत करावीत असा राणी सरकारचा हुकूम आला आहे. त्यामुळे आपण करतो आहोत ते राज्याविरुद्ध नाही, अशी पुष्कळांची समजूत होती. पोलीस आणि लष्कर आले तेव्हा ती समजूत फिटली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जण पकडले गेले, पुणे जिल्ह्यात ५५९ आणि अहमदनगरमध्ये ३९२. शिक्षा झाली ५०१ जणांना. गावांवर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्चही गावांकडूनच वसूल केला गेला.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७६ मध्ये तयार झाला आणि १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. अहमदनगरमधल्या बारा गावांची पाहणी करून आयोगाने सांगितले की सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आहेत, त्यांचे कर्ज त्यांच्या साऱ्याच्या जवळपास अठरा पट आहे, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर आहे. मुख्य दोष आयोगाने सावकारी आणि दिवाणी कायद्याच्या पदरात घातला, वाढीव साऱ्याला दुय्यम स्थान दिले. सरकारनेच नेमलेला आयोग सरकारच्या साऱ्यावर बोट ठेवायला कचरला असे वाटण्याजोगी ही वाटणी आहे, आणि सार्वजनिक सभेने मांडलेली बाजू आजही तिच्यापेक्षा सरस वाटते.

येथे एक दुरुस्ती हवी. कुणब्यांच्या जमिनी सरसकट सावकारांच्या घशात गेल्या होत्या, हे चित्र नील चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या इतिहासकारांनी खोडून काढले आहे. जमिनीचे हस्तांतर समजले जाते त्यापेक्षा बरेच कमी होते. ते पटण्यासारखेही आहे. सावकाराला नांगर धरायचा नव्हता. त्याला हवे होते ते जमिनीवर राबणारे आणि दर सुगीला खळ्यावर माल देणारे कुळ. खाते कुणब्याच्याच नावे ठेवून पीक आपल्याकडे वळवणे त्याच्या जास्त सोयीचे. जमीन गमावण्याआधीच कुणब्याने गमावले होते ते पीक कोणाला आणि काय भावाने विकायचे, पुढचे कर्ज कोठून काढायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य. सात-बारासारख्या कागदावर हे नुकसान उमटत नाही. म्हणूनच ते मोजायला अवघड गेले.

१८७९ चा कायदा, कलमांच्या पातळीवर

दंगे शमले आणि लगेच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडके यांचे बंड पुणे जिल्ह्यात उभे राहिले आणि त्यांच्या धाडींचा रोखही सावकारांवरच होता. त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा १८७९ चा सतरावा कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्यातली काही कलमे आजही बारकाईने वाचण्यासारखी आहेत, कारण त्यांनी सुप्यात जळलेल्या कागदाचा एकेक दोष नेमका पकडला.

एकतर्फी हुकूमनाम्यावर उपाय असा की शक्य असेल तेथे कोर्टाने प्रतिवादी शेतकऱ्याला स्वतः साक्षीला बोलवावे. दूरच्या कोर्टावर उपाय असा की दावा शेतकरी राहतो तेथल्या कोर्टात लागावा. सगळ्यांत मोठे पाऊल १२ व्या आणि १३ व्या कलमांत आहे. कोर्टाने खतापाशी न थांबता व्यवहाराच्या सुरुवातीपर्यंत मागे जायचे आणि नव्याने हिशेब मांडायचा. मुदल आणि व्याज यांची खाती वेगळी. मुदलात फक्त प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि मालाची किंमत धरायची. साठलेले व्याज मुदलात मिळवायचे नाही. दिलेला पैसा आणि माल जमेस धरायचा. आणि शेवटी व्याजाची बाकी मुदलाच्या बाकीपेक्षा जास्त निघाली तर मुदलाच्या दुपटीवर येणे थांबवायचे. रिवाजातली दामदुप्पट अशी कायद्याच्या कलमात परत आली.

आपल्या नमुन्याच्या खताला हे कलम लावू. मुदल ९५ रुपये. कोर्टाने १२ टक्के दर वाजवी मानला असे समजा. वर्षाचे व्याज ११ रुपये ६ आणे, नऊ वर्षांचे सुमारे १०२ रुपये १० आणे. कुळाने दरसाल दहा रुपयांची ज्वारी दिल्याचे शाबीत झाले तर ९० रुपये जमा. येणे उरले सुमारे १०७ रुपये १० आणे. खतावरचा आकडा ५०८ होता. दोन आकड्यांमधल्या या चारशे रुपयांसाठी सुप्यात आग लागली, असे म्हणता येईल.

शिवाय कर्जापायी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही. जमीन त्या कर्जासाठी स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर तिची जप्ती नाही. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकापुढे, मजकूर समजावून सांगूनच व्हावे. दाव्याआधी समेट घडवणाऱ्या पंचाकडे जावे. शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क. मुदतही वाढली, नोंदणीकृत खताला बारा वर्षे आणि बाकी खतांना सहा. तीन वर्षांनी खत बदलण्याचा फास त्यामुळे सैल झाला.

कोठे घसरले

गहाण नसेल तर जप्ती नाही, या कलमाने साध्या खताची किंमत गेली. म्हणून सावकार म्हणू लागला, साधे खत नको, जमीन गहाण दे. गहाणखत दिले तर कोर्ट हिशेब उकरणार. म्हणून तो म्हणू लागला, गहाणखतही नको, खरेदीखतच दे. रक्कम परत केलीस की जमीन परत करतो, हे तोंडी. कागदावर विक्री, मनात गहाण. तोंडी अट कोर्टात सिद्ध करायची सोय नव्हती, कारण लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नसे. कुळाचे रक्षण करण्यासाठी घातलेल्या कुंपणामुळे जमीन आधीपेक्षा सरळ सावकाराच्या नावावर जाऊ लागली. ही फट बुजवायला १९०७ मध्ये दहावे अ कलम घालावे लागले. विक्रीच्या दस्तामागे खरा व्यवहार गहाणाचा होता का, हे तोंडी पुराव्यानेही पाहण्याची मुभा त्याने कोर्टाला दिली. मधल्या अठ्ठावीस वर्षांत व्हायचे ते होऊन गेले.

शेतकरी कोणाला म्हणायचे, हीही अडचण होती. ज्याची उपजीविका मुख्यतः शेतीवर तो शेतकरी. सावकाराने जमिनी घेतल्या की तोही या व्याख्येत शिरायला पाही. उलट गावातला सधन कुणबी स्वतःच कर्ज देऊ लागला. त्याला वाळीत टाकणे अवघड, कारण तो भावकीतला.

आणि सगळ्यांत मोठी उणीव कायद्याबाहेरची होती. कायद्याने वाईट कर्ज अवघड केले, पण चांगले कर्ज कोठून मिळणार ते सांगितले नाही. विल्यम वेडरबर्न या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८८२ मध्ये पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. न्यायमूर्ती रानडे त्यांच्याबरोबर होते. जुने कर्ज तडजोडीने फेडायचे आणि पुढे बँकेने वाजवी दराने पैसा द्यायचा. हिंदुस्थान सरकारने योजना उचलून धरली, लंडनच्या इंडिया ऑफिसने ती नाकारली. या प्रकरणात हातची गेलेली सर्वांत मोठी संधी कोणती, असे विचारले तर उत्तर हेच. त्याऐवजी १८८३ आणि १८८४ मध्ये तगाईचे, म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज देण्याचे, दोन कायदे आले. विहीर-बांधबंदिस्तीला आणि बी-बियाणे-बैलांना त्यांचा आधार मिळाला, पण वेळेवर थोडे थोडे कर्ज देणारी गावची व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही.

हक्क काढून घेण्याची वाट

कागद दुरुस्त करणे ही एक वाट. सरकारला दुसरी वाट सोपी वाटू लागली. शेतकऱ्याला जमीन विकताच येऊ नये. पंजाबात १९०० च्या कायद्याने शेतकरी ठरवलेल्या जमातींची जमीन इतरांकडे जायला बंदी घातली. मुंबई इलाख्यात १९०१ मध्ये जमीन महसूल संहितेत दुरुस्ती आली. साऱ्याच्या थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती विकता-गहाण टाकता येणार नाही अशा शर्तीवर द्यायची. १८९६ पासून लागोपाठ पडलेल्या दुष्काळांनी थकबाकीचे डोंगर उभे केले होते, म्हणजे ही शर्त थोड्याथोडक्यांना लागणार नव्हती. कायदे कौन्सिलात फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी कडाडून विरोध केला आणि अखेर ते सभात्याग करून बाहेर पडले. गोखल्यांचे म्हणणे सरळ होते. ज्याला जमीन तारण ठेवता येत नाही त्याची पत जाते, आणि मग तो सरकारच्या मेहेरबानीवरचा कूळ होऊन बसतो.

सातबाऱ्यावर ‘नवीन शर्त’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा ज्यांच्या नावापुढे आहे त्यांना या वादाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या शर्तीचा माग १९०१ च्या दुरुस्तीपर्यंत लागतो. पुढे १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला बंदी आली. दोन्हींच्या मुळाशी भीती एकच, जमीन सुप्याच्या सावकाराकडे जाईल ही. भीती खरी होती. पण विकत घेणाऱ्यांची संख्या कायद्याने कमी केली की विकणाऱ्याच्या हाती पडणारा भावही कमी होतो. अडचणीतल्या शेतकऱ्याला तो तोटा सोसावा लागतो.

पुढचा धागा

पतपुरवठ्याची जी उणीव १८८२ मध्ये भरता आली असती ती भरायला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा यावा लागला. ग्रामीण संस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्यादित, म्हणजे एकाचे कर्ज बुडाले तर सगळ्यांच्या अंगाशी. त्यामुळे कोणाला किती द्यायचे यावर गावाचीच नजर. १८७४ च्या कर्ड्यात बहिष्कारासाठी वापरलेली हीच एकजूट आता पत उभी करायला कामी आली. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नाने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला तो अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे मिरजगावच्या अर्जदारांच्याच जिल्ह्यात.

तरी १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपाहणी झाली तेव्हा आकडे धक्का देणारे निघाले. पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीच्या अहवालात शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के. धंदेवाईक सावकारांचा ४४.८ टक्के आणि शेतकरी सावकारांचा २४.९ टक्के. सुप्यानंतर पंच्याहत्तर वर्षांनीही शेतकऱ्याच्या कर्जाचे सुमारे सत्तर टक्के सावकाराच्याच वहीत होते, आणि त्यातला एक तृतीयांशाहून थोडा अधिक हिस्सा कर्ज देणाऱ्या शेतकऱ्यांचाच. स्टेट बँकेची स्थापना, सहकारात सरकारी भागभांडवल आणि पुढचे सगळे कृषी पतधोरण या आकड्यांवर बेतले गेले.

१८७९ च्या कायद्याची जागा पुढे कर्जदार शेतकऱ्यांच्या १९३९ आणि १९४७ च्या कायद्यांनी आणि १९४६ च्या सावकारी नियंत्रण कायद्याने घेतली. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. मुदलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचे नाही ही दामदुप्पट त्यात ३१ व्या कलमात आहे. हिशेबाचा उतारा आणि पावती देणे सावकाराला बंधनकारक आहे. आणि १८ व्या कलमाखाली शेतकरी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकतो की माझ्या जमिनीचे हे खरेदीखत खरे खरेदीखत नाही, कर्जाच्या तारणापोटी लिहून घेतले आहे. चौकशीत ते शाबीत झाले तर दस्त रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश निघतो. अर्जासोबत जोडायचे ते खरेदीखताची नक्कल, सातबारा, फेरफार, आणि घेतलेल्या-दिलेल्या पैशांचा जो काही पुरावा असेल तो. बाकीचे कागद तलाठी आणि दुय्यम निबंधक कार्यालयात मिळतात. अडते ते शेवटच्यापाशी, कारण पावती बहुतेकांनी मागितलेली नसते.